अवसेची सुट्टी

तलमडुगु, १४ डिसेंबर २०२५

लखन्या,

फोन उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून पोस्टानं लिहितेय. पत्ता तुझ्या वर्गातल्या मयूरीनं दिला. तिच्यावर डाफरू नकोस. बिचारी स्क्रीनगार्ड बदलायला माझ्या दुकानात आली आणि उठेपर्यंत तुझ्या हैदराबादच्या खोलीपासून गोदामातल्या नोकरीपर्यंत सगळं सांगून गेली. पार्सलं उचलतोस म्हणे. सर्किट बोर्डाला हात लावत नाहीस, लॅपटॉप विकलास. शाब्बास. नाक कापून अपशकुन करणारे मी पाहिलेत, पण तू त्यांच्याही पुढचा निघालास.

धोंडीबा काकाच्या हाताची पट्टी निघाली. उजव्या हाताची दोन बोटं गेली ती गेलीच. डाव्या हातानं तंबाखू मळायला शिकतोय. जमत नाही, म्हणून आल्यागेल्याला शिव्या देतो. तुला मात्र अजून एकही दिलेली नाही, हे आधी लिहून टाकते.

त्या सकाळचं मी उगाळणार नव्हते. पण मला दिसलं तसं एकदा मांडते, कुठं चुकत असेन तर तू सांग. दसऱ्याला तू नाल्याकाठच्या सगळ्या भाजीच्या वाड्यांत मोटरींना खोकी लावलीस. दुपारच्या मुहूर्तावर, एकच नारळ फोडून, सगळी एकदम सुरू केलीस. घरबसल्या फोनवरून मोटर चालू, मोटर बंद. वर वहीएवढी सोलर प्लेट, आत बॅटरी, म्हणजे करंट गेला तरी खोकं जागंच. लोकांनी तुला डोक्यावर घेतलं. मग कार्तिक सरतानाची ती सकाळ आली. लाइनमनचा फोन आला की डीपीच्या ट्रान्सफॉर्मरवर लोड आलाय, रेंडु गंटलु, दोन तास सगळ्या मोटरी बंद ठेवा. सगळी खोकी तुझ्या फोनवर होती. तू ओट्यावर चहा पीत एका बोटानं सगळ्यांना दोन तास बंद केलंस. मोटरी थांबल्या. धोंडीबा काकाच्या पंपाच्या फिरत्या दांड्यापाशी पाणी गळत होतं. बंदच आहे तर गळती थांबवायची दोरी भरून घेऊ म्हणून त्यानं तिथं हात घातला. आणि दहा मिनिटांच्या आत नाल्याकाठच्या सगळ्या मोटरी आपोआप सुरू झाल्या. एक सोडून. आपली.

ते ‘एक सोडून’ तुला नडलं. आपली मोटरही चालू झाली असती तर लोक म्हणाले असते, मशीन बिघडलं. बाबा चार माणसांत काय बोलले ते तुझ्या कानांत अजून वाजत असेल, माझ्याही वाजतं. “तुया बोटानं त्याची बोटं गेली. अन् बापाची मोटर तेवढी बरोबर बंद राह्यली, काऊन?” आणि तू, गाढवा, भांडायचं सोडून म्हणालास, “दाबलं असंन माह्याच बोटानं.” संध्याकाळच्या बसनं गेलास. माय बसमागं चालत गेली हे तुला दिसलं नाही.

मला एकच विचारायचंय. तू ‘चालू’ दाबलंस, की दाबलं असेल असं तुला वाटलं? या दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे. लोकांनी आपापली खोकी उपटून माझ्या दुकानात आणून टाकलीत, एका पोत्यात भरलीत. सगळ्यांचं सोल्डरिंग माझ्या हातचं. एकेक सांधा भिंगाखाली पाहिला, एकही सुटलेला नाही. आपल्या भिंतीवरचं खोकं मात्र बाबांनी काढलं नाही. तुझं नाव घेत नाहीत, तुझं खोकं वापरतात. असा आपला बाप.

ताई

तलमडुगु, ३० डिसेंबर

लखन,

उत्तर नाही. हरकत नाही, मला एकटीला बोलायची सवय आहे, दोन पावसाळे तुझ्याबरोबर काम केलंय.

बोर्डाच्या आत बसवलेली अक्कल, ते फर्मवेअर, तू लिहिलेलं नाहीस हे मला ठाऊक होतं. कुणालाही फुकट घेता येतं, वाचता येतं, दुरुस्त करता येतं असं ते आहे. तू ते उतरवून घेतलंस आणि आपल्या मोटरींपुरत्या चार ओळी वरून जोडल्यास. त्या चार ओळी मी इतक्या वेळा वाचल्या की स्वप्नात येतात. त्या बरोबर आहेत. म्हणून मी खालचं वाचायला घेतलं.

तू मला हे कधी सांगितलं का नाहीस रे? मला वाटायचं की असलं काहीतरी एखादी कंपनी काचेच्या इमारतीत बनवत असेल. इथं तर कुठकुठली माणसं आहेत! एकमेकांना कधी भेटलेली नाहीत, कुणी पगार देत नाही, आणि एकमेकांच्या ओळी दुरुस्त करत बसलीत. कुठल्याही ओळीवर बोट ठेवलं की ती कुणी लिहिली, कधी लिहिली, का लिहिली, सगळं दिसतं. एकानं आपल्या दिवाळीच्या दिवशी एक ओळ बदललीय, त्याच्या गावी दिवाळी नसणार. एका चिन्हावरून दोघं इतके भांडलेत की वाचता वाचता माझा चहा गार झाला, आणि शेवटी एक जण लिहितो, तुझंच बरोबर. आपल्या नाल्याकाठी कुणी कुणाला ‘तुझंच बरोबर’ म्हटलेलं मी जन्मात ऐकलेलं नाही. मला देवळात गेल्यासारखं झालं. देवळातही इतकं होत नाही, तिथं चपलांकडे लक्ष ठेवावं लागतं.

टेबलावर तुझा तो जुना बोर्ड ठेवून सगळं तपासतेय. त्याला तू आपल्या लाथाड्या म्हशीचं नाव दिलं होतंस, चंचल. फोनवर अजून तेच नाव येतं. माय म्हणते, म्हशीले कायची वायर लावून राह्यली वं?

मग मी धीर करून त्यांच्या पानावर प्रश्न टाकला. इंग्रजी मोडकं होतं, पण कुणी हसलं नाही. एकानं लगेच लिहिलं, जी खोकी बिघडली त्यांच्याकडे पाहणं थांबवा, जे बिघडलं नाही त्याच्याकडे पाहा. वाचून मी चमकले. सगळं गाव ज्याच्याकडे बोट दाखवत होतं, तिकडेच हा अनोळखी माणूसही बोट दाखवत होता, पण शिव्या न देता.

तशी गेले वाडीत. आपलं खोकं उघडलं. तीच चिप, तेच फर्मवेअर, तीच तार. काहीच वेगळं नाही. बाबा वांग्याच्या ओळीतून आले.

“काऊन खुडबुड करून राह्यली वं?”

“बाबा, त्या दिवशी तुमचीच मोटर काऊन बंद राह्यली?”

“मले काय इच्यारतं? ज्यानं दाबलं त्याले इच्यार.” आणि पाठ फिरवली.

विचारतेच आहे की. तो उत्तर देत नाही.

ताई

तलमडुगु, २० जानेवारी २०२६

लखन,

हे पत्र बसून वाच. उभा असशील तर पार्सल खाली ठेव.

परवा अवस होती. मी बाबांचा डबा घेऊन वाडीत गेले. अवसेला आपल्याकडे बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत हे काय तुला सांगायचं. बाबांनी बैल धुतले, कडबा टाकला, पाठीवर थाप मारली. मग सरळ भिंतीकडे गेले आणि तुझ्या खोक्याच्या बाजूचं ते काळं बटण खाली केलं. हिरवा दिवा विझला.

“हे काय केलं?”

“बंद केलं. अवस हाय ना. बैलाले सुट्टी, यालेबी सुट्टी. तेबी महिनाभर राबूनच राह्यलं.”

“दर अवसेला करता?”

“मंग? लावलं तवापासून. दिवेलागणीले चालू करतो परत. त्यात काय झालं?”

मी डबा कुठं ठेवला ते अजून आठवत नाही, शेवटी कुत्र्यानं खाल्ला. धोंडीबा काकाला लागलं ती सकाळ कुठली होती? कार्तिकातल्या अवसेच्या दुसऱ्या दिवशीची. म्हणजे त्या सकाळी गावातली सगळी खोकी दसऱ्यापासून डोळा न मिटता जागी होती. सगळी एका मुहूर्तावर उठलेली! आणि आपलं एकटं आदल्या दिवशी झोप काढून ताजंतवानं झालं होतं.

तेव्हा मी स्वतःला विचारलं, जागं राहिल्यानं खोक्यात काय वाढत जातं? आणि वाडीतून दुकानापर्यंत पळत आले. पायात चप्पल नव्हती हे दुकानात कळलं.

मोजणी वाढते, लखन. चिप सुरू झाली की शून्यापासून मोजायला लागते, सेकंदाच्या हजाराव्या भागाला एक याप्रमाणे. तिच्याकडे आकडा ठेवायला जागा ठरलेली आहे. चारशे एकोणतीस कोटींच्या वर गेला की पुन्हा शून्य, बाबांच्या जुन्या मोपेडचा आकडा नव्व्याण्णव हजारांपुढे जाऊन शून्यावर यायचा तसा. हे भरायला जवळजवळ पन्नास दिवस लागतात. दसऱ्याच्या दुपारपासून पन्नास दिवस मोज. थेट ती सकाळ येते.

लाइनमननं सांगितलं तेव्हा सगळी खोकी काठोकाठ भरत आली होती. तू ‘दोन तास बंद’ दिलंस. फर्मवेअरमधल्या एका ओळीनं आपल्या आकड्यात दोन तास मिळवले आणि ‘तो आकडा आला की चालू करू’ असं ठरवलं. पण मिळवताच आकडा ओसंडला आणि शून्याजवळ येऊन पडला. खोकं दर दहा मिनिटांनी तपासणी करतं, तशी ती केली. त्याला वाटलं, ती वेळ तर केव्हाच होऊन गेली. केली मोटर चालू. आपल्या खोक्याची मोजणी कोवळी होती, ते गप्प राहिलं.

हे नुसतं डोक्यात मांडून मी थांबले नाही. चंचलची मोजणी हातानं भरत आणून ठेवली, मोटरीच्या जागी बल्ब लावला आणि दोन तास बंद दिलं. बल्ब विझला. एक माणूस चार्जर घ्यायला आला होता, त्याला म्हटलं, बस, साक्षीदार पाहिजे. तो बिचारा बसला. आम्ही दोघं विझलेल्या बल्बाकडे बघत होतो. तपासणीची वेळ झाली, आतून टक् आवाज आला आणि बल्ब लागला. कुणी हात लावलेला नव्हता. तो माणूस म्हणाला, “ताई, यात भूत हाय का?” मी म्हटलं, भूत नाही दादा, बेरीज आहे. आणि रडायलाच लागले. चार्जर न घेता गेला तो.

तू ‘बंद’च दाबलं होतंस. पुन्हा लिहिते. तू बंदच दाबलं होतंस.

आज दिवसभर मी चंचलकडे पाहतेय. ज्वारीच्या दाण्याएवढा काळा तुकडा. आपण जेवतो, झोपतो, भांडतो, आणि हा आत बसून एकही न चुकवता मोजत असतो. चूक त्याची नव्हतीच. त्यानं दिल्या शब्दाप्रमाणे केलं. मला त्याला हात जोडावेसे वाटले, आणि ज्या सकाळी तो भरला त्या सकाळची भीतीही वाटली. दोन्ही एकदम.

ताई

तलमडुगु, २ फेब्रुवारी

लखन,

घरात सांगितलं. स्वयंपाकघरात पाटावर चंचल ठेवली, बल्ब लावला. बाबा, माय आणि धोंडीबा काका. बल्ब आपोआप लागला तसं मायनं तोंडाला पदर लावला. बाबा म्हणाले, “परत दाखव.” दाखवलं. “परत.” तिसऱ्यांदा दाखवल्यावर उठले आणि गोठ्यात जाऊन बैलाच्या अंगावर हात ठेवून उभे राहिले. बराच वेळ आत आले नाहीत.

धोंडीबा काका मात्र बसून होता. म्हणाला, “पोरी, हा बल्ब हाय. बल्बाले बोटं नसतात. दुरुस्त केलं असंन तं वावरात दाखव. पन्नास दिवस चालू दे, भरू दे त्याले, अन् मंग मले सांग.” मला राग आला नाही. त्याचा हक्क आहे.

दुरुस्ती ऐक, आणि मग माझ्यासारखा गप्प बस. जुनी ओळ आकड्यात दोन तास मिळवायची. नवी ओळ मिळवत नाही, वजा करते. बंद केल्याला किती वेळ झाला एवढंच मोजते. आत्ताच्या आकड्यातून तेव्हाचा आकडा वजा. मधे मोजणी शून्यावर आली असली तरी उत्तर बरोबर येतं! माझा विश्वास बसेना, म्हणून घड्याळ घेऊन बसले. अकराला झोपलं आणि दोनला उठलं तर तीन तास झाले, मधे बारा वाजून काटा पुन्हा एकवर आला म्हणून झोप कमी होत नाही. इतकं साधं. एका चिन्हाची जागा बदलली आणि धोंडीबा काकाची बोटं जाणार नाहीत असं जग तयार झालं. उशिरा झालं, पण झालं.

ती ओळ मी त्या लोकांकडे पाठवली. त्या प्रकल्पाची राखण करणारी एक बाई आहे, कुठल्या देशाची मला माहीत नाही. तिनं विचारलं, हे सापडलं कसं? मी खरं ते लिहिलं, की माझे वडील अमावस्येला बैलांबरोबर बोर्डालाही सुट्टी देतात. दुसऱ्या दिवशी पाहते तर खाली लोकांची रांग. एकाच्या माशांच्या हौदाचा पंप असाच अधूनमधून वेड्यासारखा वागायचा. एका बाईच्या काचेच्या वाडीतले दिवे आपोआप लागायचे आणि तिचा नवरा तिलाच बोलायचा. एका दूधवाल्याचं तसंच. कुणालाच कारण सापडलेलं नव्हतं, कारण कुणाचंच खोकं अवस पाळत नव्हतं. राखणदार बाईनं दुरुस्तीच्या नोंदीत इंग्रजीत लिहिलंय की ही चूक तलमडुगुचे शेतकरी चंपतराव यांच्यामुळे सापडली. मी बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, “म्या काय केलं? म्या तं बटन बंद केलं.”

आता त्या नव्या ओळीसकट आपलं खोकं पुन्हा सुरू केलंय. गेल्या बुधवारी दुपारी, मुद्दाम वेळ साधून. पाडव्याच्या सकाळी भरेल. मात्र मधे दोन अवसा येतात.

ताई

तलमडुगु, २२ फेब्रुवारी

लखोबा,

आधी तुझं. दुरुस्तीच्या पानावर परवा एका नव्या, बिननावाच्या खात्यानं लिहिलंय की हीच चूक आणखी एका जागी आहे, पाण्याच्या व्हॉल्व्हच्या भागात, आणि तपासायला छोटा कोड जोडलाय. तो बरोबर आहे. राखणदार बाई खूश झाली. मी कोड उघडला, आणि त्यात टेस्ट बोर्डाचं नाव होतं ‘चंचल’.

जगात दुसरा कोण आपल्या बोर्डाला म्हशीचं नाव देणार आहे रे? मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत बसून हसले, आणि मग काय झालं ते सांगत नाही. पत्रं पोचतायत. वाचतोयस. कुणाचा तरी लॅपटॉप मागून बसलायस. मला एवढं पुरे. मायला पुरत नाही, ती रोज विचारते, “कवा येते म्हन्ते तो?”

आता बाबांचं. मंगळवारी अवस होती. बैल सोडले, धुतले. मग भिंतीपाशी गेले. मी लांबून बघत होते, माझा जीव टांगणीला. सांगितलं होतं मी, बटण खाली केलंत तर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होईल आणि धोंडीबा काकाला पाडव्याला दाखवता येणार नाही. पण आयुष्यभराचा नेम, हात सवयीनं जातोच. हात बटणापर्यंत गेला. तिथंच थांबला. खोक्यावर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी, आणि म्हणाले, “राब बाप्पा अजून थोडं. पोराचं काम हाय.” मी गवतात खाली बसले. आपल्या बापानं नेम मोडलेला मी पहिल्यांदा पाहिला.

रात्री जेवताना त्यांनी सांगितलं ते शब्दाशब्दानं लिहिते. “पाडव्याले सकायी मोटर चालू ठीवजो. त्याले सांग, तिकडून दोन तास बंद दे म्हना. जसं तवा देलं तसंच. त्याच्याच बोटानं. म्या तिथं हात ठेवतो, धोंडीबाचा होता तिथं.”

मी भांडले. माय भांडली. भिंतीशी भांडावं तसं झालं.

तुझं खातं मी कधीच बंद केलेलं नाही. आपली मोटर तुझ्या फोनवर अजून दिसते. पाडव्याला सकाळी साडेसहा, पावणेसात. तू दाबलं नाहीस तर मोटर चालूच राहील आणि बाबा तिच्यापाशी उभे राहतील, किती वेळ ते मी सांगू शकत नाही. घाबरला असशील तर मीही घाबरलेय. पण वजाबाकी बरोबर आहे. तूच तपासलीस ना?

ताई

तलमडुगु, पाडवा, १९ मार्च

लखन,

यातलं अर्धं तुला माहीत आहे, कारण ते तू केलंस. उरलेलं अर्धं लिहिते.

उजाडताच वाडीत गेलो. मोटर चालू, वांग्यांत पाणी पडत होतं. बाबा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून आले होते, सोयरीक बघायला निघाल्यासारखे. धोंडीबा काका तंबाखूची डबी घेऊन दगडावर. मागं नाल्याकाठचे सगळे, ज्यांनी खोकी माझ्या दुकानात आणून टाकली होती तेही. मी गुपचूप फ्यूज काढायला निघाले, बाबांनी पाहिलं.

“फ्यूज काढली तं मंग खरं कायचं?”

“चंपत, येडा झाला का गा?” धोंडीबा काका म्हणाला. “तुये दहाच्या दहा हायेत. राहू दे.”

“तुयेबी होते,” बाबा म्हणाले.

फोन माझ्या हातात होता, पण मी अंगठा वर धरला होता, माय साक्षीला आहे. मोटर चालूच. माय हळूच म्हणाली, “झोपला तं नसंन वं तो?” मला वाटलं, नाही दाबणार हा. आणि मोटरीचा आवाज पडला. पाण्याची धार बारीक झाली, थांबली. एवढी शांतता झाली की नाल्यापलीकडचे होले घुमताना ऐकू आले. इतक्या लांबून, हैदराबादच्या कुठल्या खोलीतून, तुझं बोट आपल्या वाडीत आलं, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

बाबा पंपापाशी बसले आणि उजवा हात दांड्यावर ठेवला.

मी फोनवर आकडा लावून ठेवला होता. कोटींच्या कोटी, शेवटचे आकडे तर दिसतच नाहीत इतके पळतात. दहा मिनिटांची तपासणी आली. माझे कान त्या टक् आवाजाकडे. आला नाही. पुढची तपासणी आली, गेली. मग तो आकडा भरत भरत काठावर आला आणि माझ्या डोळ्यांदेखत शून्य झाला. पन्नास दिवस मोजलेलं सगळं गेलं आणि पुन्हा एकपासून सुरू झालं. आणि काहीच घडलं नाही. बाबांचा हात होता तिथंच होता. लखन, मी आयुष्यात इतकं मोठं ‘काहीच नाही’ पाहिलेलं नाही. मला आभाळाकडे बघावंसं वाटलं, बघितलंही.

मी म्हटलं, “बाबा, भरून गेला आकडा. काढा हात.” त्यांनी काढला नाही. दोन तास म्हणजे दोन तास. लोक कंटाळून बसले, कुणी घरी जाऊन गुढी उभारून परत आलं. मायनं चहा आणला, तो बाबांनी डाव्या हातानं घेतला. धोंडीबा काका म्हणाला, “पाह्य, डाव्या हातानंबी पेता येते. शिकवतो तुले.” त्या सकाळी पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

दोन तास संपत आले तसं मी ओरडले, आता काढा, आता ते खरंच सुरू होणार आहे, तसंच सांगितलंय त्याला. बाबा दांड्याकडे बघत बसलेले. ऐकलं नाही, का ऐकायचं नव्हतं, मला माहीत नाही. तेवढ्यात धोंडीबा काका उठला, आपल्या त्या तीन बोटांच्या हातानं बाबांचं मनगट धरलं आणि ओढून बाजूला केलं.

“बस झालं, चंपत. पोराचं खरं निंगालं. बस झालं.”

टक् वाजलं. मोटर सुरू झाली आणि वांग्यांत पाणी पडायला लागलं. धोंडीबा काकानं मनगट सोडलं नाही. दोघं म्हातारे तसेच उभे, आणि बाबांचे खांदे हलत होते. मी तिकडे पाठ केली.

दुपारी नाल्याकाठचे दोघं-तिघं दुकानात येऊन पोत्यातलं आपलं खोकं शोधून गेले. मी म्हटलं, थांबा, नवी ओळ भरू द्या आधी, आणि जोडणारा येऊ द्या.

रात्री बाबांनी तुझं नाव घेतलं. घास हातात धरून म्हणाले, “लखनले लिही. दोन अवसा राबलं ते खोकं. आता त्याले सुट्टी पाह्यजे.” मी म्हटलं, मग पुढच्या अवसेला करा की बंद. तर म्हणाले, “म्या नाई करत. ज्यानं लावलं त्यानं येऊन करावं.”

पुढची अवस चैत्रातली आहे. काळं बटण खोक्याच्या डाव्या बाजूला असतं, विसरला असशील तर.

ताई